‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कचेरीतील दोन सर्वनामे

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही उद्या बेळगावला जाणार आहोत’ असे म्हटले, की ऐकणारा घरीच राहतो. ‘आपण उद्या बेळगावला जाऊ’ असे म्हटले, की त्यालाही पिशवी भरावी लागते. हा भेद आपण पाळण्यापूर्वी कधी शिकत नाही आणि पाळताना कधी विचारात घेत नाही. तीन वर्षांचे मूलही तो चुकवत नाही. परंतु एखादी कचेरी, कारखाना, पतसंस्था किंवा शाळा आतून कशी आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तेथील माणसे ‘आम्ही’ केव्हा म्हणतात आणि ‘आपण’ केव्हा म्हणतात, एवढे चार दिवस कान देऊन ऐकावे. गेली सुमारे तीस वर्षे संस्थांची भांडणे न्यायालयात मांडत असताना आम्हाला या कसोटीचा जेवढा उपयोग झाला, तेवढा त्या संस्थांच्या छापील अहवालांचा झाला नाही.

प्रथम भाषेपुरते पाहू. संस्कृतात ‘वयम्’ एकच; त्यात ऐकणारा धरला आहे की नाही, हे संदर्भावरून ठरवावे लागते. प्रमाण हिंदीत ‘हम’ एकच, जरी इंदूरच्या रोजच्या बोलण्यातील ‘अपन’ ती उणीव पुष्कळशी भरून काढतो. गुजरातीत मात्र ‘अमे’ आणि ‘आपणे’ अशी जोडी आहे, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’. म्हणजे बडोदेकर आणि हैदराबादकर वाचकांना हा भेद घरात ऐकू येतो तसाच बाजारातही ऐकू येतो. आम्हा बेळगावकरांची गोष्ट वेगळी. शेजारच्या कन्नडमध्ये आज ‘नावु’ हे एकच सर्वनाम दोन्ही कामे करते. उत्तरेकडील भाषांत सहसा न आढळणारा हा भेद मराठी-गुजरातीत द्राविडी भाषांच्या सहवासातून रुजला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. शब्द मात्र घरचाच आहे. ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पण’ आणि त्यापासून ‘आपण’. म्हणूनच एकाच ‘आपण’चे तीन अर्थ होतात : ‘तो आपण होऊन आला’ यात तो स्वतः, ‘आपण बसावे’ यात समोरचा आदरणीय माणूस, आणि ‘आपण बसू’ यात मी आणि तो दोघेही. स्वतः, समोरचा आणि दोघे मिळून एवढा प्रवास एका शब्दाने करावा, हे आम्हाला मोठे सूचक वाटते.

आता कचेरीत येऊ. येथे पहिली भेट होते ती सूचनाफलकाशी. ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, उद्यापासून हजेरीची वेळ बदलण्यात आली आहे.’ कोणी बदलली? कोण कळवतो? या वाक्यात कर्ता नाही. ‘-ण्यात येणे’ ही रचना शासकीय मराठीने इतकी आपलीशी केली आहे, की निर्णय घेणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो आणि निर्णय पावसासारखा वरून पडतो. पावसाला कोणी जाब विचारत नाही. ज्या संस्थेतील प्रत्येक सूचना अशी निनावी असते, तेथील कर्मचारी हळूहळू दोन गोष्टी शिकतात : प्रश्न विचारण्यासाठी येथे कोणी सापडत नाही, आणि आपल्यावर वेळ आली की आपणही असेच नाहीसे व्हावे. मग चूक ‘होते’, कागद ‘राहून जातो’, धनादेश ‘परत येतो’. कोणी चूक करत नाही, कोणी कागद ठेवत नाही. बडतर्फीच्या पत्राखालीही ‘आपला विश्वासू’ असेच लिहिलेले असते, ही त्यातली गंमत.

दुसरी भेट सभेच्या इतिवृत्ताशी. सहकारी संस्थांच्या वादात आम्ही शेकडो इतिवृत्ते वाचली असतील. ‘विषय क्रमांक ४ : सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ प्रत्यक्षात सभासदांना विचारले, तर चर्चा झाल्याचे कोणालाही आठवत नाही. विषयपत्रिका त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत होती, किंवा वाचता येणाऱ्या भाषेत असूनही न समजणाऱ्या शब्दांत होती. कोणी काही बोलले नाही, आणि न बोलणे म्हणजे संमती असे कागदाने धरले. कायद्याच्या दृष्टीने असा ठराव पुष्कळदा टिकतोही. पण अशा चार-पाच सभा झाल्या, की सभासद सभेला येण्याचे सोडतात आणि फक्त लाभांशाच्या दिवशी येतात. संस्थेचा उल्लेख ते ‘आपली सोसायटी’ असा न करता ‘त्यांची सोसायटी’ असा करू लागतात. सर्वनाम बदलते ते आधी. ठेवी काढून घेणे, तक्रारी, दावे हे सारे पुष्कळ नंतर येते.

हे मोघम वाटू नये म्हणून एक प्रकरण सांगतो. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

सीमाभागातील एका फौंड्रीत वाळू मिसळण्याच्या यंत्रावर काम करणारा एक कामगार होता. मराठीभाषक, सातवीपर्यंत शिकलेला, कन्नड बोलता येणारा पण वाचता न येणारा. यंत्राच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी सैल झाली होती. एके दिवशी त्यात त्याच्या सोबत्याचा हात अडकला आणि दोन बोटे गेली. व्यवस्थापनाने या कामगारावर दोषारोपपत्र बजावले : दोष ठाऊक असूनही वरिष्ठांना न कळवता यंत्र चालू ठेवले. पत्र इंग्रजीत होते. खातेनिहाय चौकशी झाली. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, मराठी जुजबी जाणणारे. त्यांनी विचारले, तेव्हा कामगार म्हणाला, ‘दोनदा सांगितलं होतं साहेब. मग म्हटलं, आपल्याला काय करायचंय.’ नोंद इंग्रजीत झाली. तिचा मराठी अर्थ असा होता : ‘मला दोष ठाऊक होता, परंतु मला त्याची पर्वा नव्हती.’ ‘दोनदा सांगितलं होतं’ हे वाक्य कागदावर उतरलेच नाही. खाली कामगाराची सही होती. त्या एका नोंदीच्या आधारे त्याची अठरा वर्षांची नोकरी गेली.

आमच्याकडे तो आला तेव्हा आम्ही त्याला दोनच प्रश्न विचारले. कोणाला सांगितले होते, आणि त्यांनी काय उत्तर दिले? तो म्हणाला, ‘सुपरवायझरना सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, आम्ही बघतो. दुसऱ्यांदा म्हणाले, आम्ही बघतो म्हटलं ना, तू तुझं काम बघ.’

या तीन वाक्यांत त्या कारखान्याचा सारा कारभार आला. यंत्र ‘आम्ही’ बघणार. म्हणजे तू त्या बघण्यात नाहीस. दारावर दोनदा हात मारल्यावर दार लावलेले आहे हे ज्याला कळले, त्याने स्वतःशी म्हटले, ‘आपल्याला काय करायचंय.’ मराठी माणूस हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि त्यात बेपर्वाई क्वचितच असते. त्यातील ‘आपण’ हा समावेशक नव्हे. तो मुळातला ‘आत्मन्’ आहे, बाहेर ठेवला गेल्यामुळे स्वतःपुरता आक्रसलेला. ‘मला पर्वा नाही’ आणि ‘माझ्या पर्वा करण्याला येथे जागा नाही’ या दोन गोष्टींत एका माणसाच्या भाकरीएवढे अंतर असते. अनुवादाने तेवढे अंतर पुसून टाकले होते.

कामगार न्यायालयात अशा प्रकरणी प्रथम एक प्राथमिक मुद्दा निघतो : खातेनिहाय चौकशी न्याय्य आणि योग्य रीतीने झाली काय? आरोप काय आहे हे आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे, हे नैसर्गिक न्यायाचे साधे तत्त्व आहे. त्या मुद्द्यावर चौकशी रद्द ठरली. पण तेवढ्याने काम संपत नाही. व्यवस्थापनाला आरोप न्यायालयापुढे नव्याने सिद्ध करण्याची संधी मिळते. त्या टप्प्यावर कामगाराच्या बाजूने एक साक्षीदार उभा राहिला, त्याच विभागातील कन्नडभाषक मुकादम. तो म्हणाला, ‘नावु हेळिद्वि.’ आम्ही सांगितले होते. समोरच्या विद्वान वकिलांनी उलटतपासणीत नेमका घाव घातला : ‘नावु’ म्हणजे कोण? तुम्ही आणि तुमचे वरिष्ठ, की आणखी कोणी? मुकादम शांतपणे म्हणाला, ‘नानु, अवनु.’ मी आणि तो. दुसऱ्या वेळी कामगार सांगायला गेला, तेव्हा मुकादम त्याच्या बरोबर गेला होता.

निकालापर्यंत प्रकरण गेले नाही. तडजोड झाली, सेवेचे सातत्य राखून कामगार परत कामावर गेला आणि मागील वेतनाचा काही भाग त्याला मिळाला. ज्या सोबत्याची बोटे गेली, त्याच्या हाती नुकसानभरपाई पडली. बोटे काही परत आली नाहीत. ‘आम्ही बघतो’ ऐवजी पहिल्याच दिवशी ‘चल, आपण बघू’ असे कोणी म्हटले असते, तर पाच मिनिटांचे काम होते.

या प्रकरणात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन सर्वनामे असलेल्या मराठीत बोलणारे सुपरवायझर माणसाला बाहेर ठेवत होते, आणि एकच सर्वनाम असलेल्या कन्नडमध्ये बोलणाऱ्या मुकादमाने त्याला आत घेतले. भाषेने दिलेली सोय वापरायची की नाही, हे माणसाच्या हाती असते. आमच्या भाषेत समावेशक ‘आपण’ आहे याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो शब्द कोशात असून भागत नाही, दुपारच्या पाळीत ऐकू यावा लागतो.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. १९३६चा वेतन प्रदान अधिनियम आणि १९४८चा कारखाने अधिनियम या दोहोंत, कामगारांसाठी लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांच्या भाषेत असाव्यात, अशी तरतूद झाली. १९४६च्या औद्योगिक नियोजन स्थायी आदेश अधिनियमाच्या कलम ९ने तर जागाही नेमून दिली : बहुसंख्य कामगार ज्या प्रवेशद्वारातून आत येतात तेथे किंवा त्याच्या जवळ, खास फलकावर. हे कायदे करणाऱ्यांना समजले होते, की नियम न समजणारा माणूस नियम मोडत नसतो, तो केवळ सापळ्यात सापडतो. परंतु फलक एका दिशेनेच बोलतो. वरून खाली काय जावे हे कायद्याने सांगितले; खालून वर काय यावे आणि कोणत्या भाषेत यावे, हे संस्थेच्या रीतीवर सोडले. रीत हीच संस्कृती.

सार्वजनिक कचेऱ्यांतही हाच अर्धवटपणा दिसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०ने प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिला आहे. सीमाभागातील किती मराठीभाषकांना तो ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा. पण हक्क आहे. मात्र त्या निवेदनाचे उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, याविषयी अनुच्छेद मौन आहे. बोलण्याचा हक्क मिळाला, उत्तर समजण्याचा मिळाला नाही. न समजणारे उत्तर हाती पडलेला माणूस दुसऱ्या वेळी निवेदन देत नाही. आणि कचेरी नोंद करते, की या भागातून तक्रारी येत नाहीत.

मिश्र भाषेच्या कचेऱ्यांत आणखी एक अडचण असते, ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. मराठीत ‘राजीनामा’ दिला म्हणजे नोकरी सोडली. हिंदी प्रदेशातील न्यायालयांत ‘राजीनामा’ झाला म्हणजे पक्षकारांत समेट झाला. ग्वाल्हेर-इंदूरच्या वकील मित्रांना याची गंमत वेगळी सांगायला नको. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे शंका, संशय. हिशेबनिसाने टिपणात ‘माझे अनुमान असे आहे’ लिहावे आणि कन्नडभाषक व्यवस्थापकाने ‘याला माझ्यावर संशय आहे’ असे वाचावे, ही आमच्या भागात नित्याची शक्यता आहे. पण आमचा अनुभव असा, की असे शब्द स्वतः होऊन संस्था मोडत नाहीत. जेथे ‘तुम्हाला काय म्हणायचे आहे?’ असे विचारता येते, तेथे अशा गफलतीवर चहाच्या वेळी हसू येते. जेथे विचारता येत नाही, तेथे तीच गफलत गोपनीय अहवालात जाऊन बसते. म्हणजे पुन्हा प्रश्न सर्वनामाचाच : या खोलीत विचारणारा ‘आपण’मध्ये आहे की नाही?

भूदलाच्या कायद्यात याविषयी एक शहाणपणाची रीत आहे. लष्करी न्यायालयातील सदस्य दोषी-निर्दोषत्वाविषयी मत देतात, तेव्हा सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याने प्रथम बोलायचे असते. ज्येष्ठ आधी बोलले, तर कनिष्ठाचे मत त्यांच्या मताखाली दबून जाईल, हे उघड आहे. जेथे हुकूम हाच श्वास, त्या संस्थेनेही मानले, की सत्य हवे असेल तर बोलण्याचा क्रम उलटा करावा लागतो. आमच्या लहानशा कचेरीत आम्ही हा क्रम उचलला आहे. सकाळी दिवसाच्या कामांची बैठक होते, तेव्हा प्रथम कारकून बोलतात, मग नवे वकील, शेवटी आम्ही. मुद्दत कोणती चुकण्याच्या बेतात आहे, कोणत्या पक्षकाराला शुल्काची पावती गेली नाही, कोणता कागद सापडत नाही, हे सारे आम्हाला न्यायालयात कळण्याऐवजी कचेरीत कळते. आमच्याकडील दोन कनिष्ठ कन्नडभाषक आहेत, एक मराठी, एकीच्या घरी कोकणी. ज्याला ज्या भाषेत वाईट बातमी सांगणे सोपे जाते, त्याने ती त्या भाषेत सांगावी, असा रिवाज आहे. समजून घेण्याचे कष्ट ऐकणाऱ्याने करायचे. चांगली बातमी माणूस कोणत्याही भाषेत सांगतो. वाईट बातमी मातृभाषेत तरी धड सांगता आली पाहिजे.

आणखी एक छोटी रीत. पक्षकाराला पाठवायचे पत्र कोणत्याही भाषेत असो, त्याच्या खाली चार ओळी त्याच्या भाषेत आणि कर्त्यासह लिहायच्या. ‘अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ असे नव्हे. ‘न्यायालयाने तुमचा अर्ज नामंजूर केला. आता तीस दिवसांच्या आत आपण अपील करू शकतो. करायचे की नाही, ते शनिवारपर्यंत कळवा.’ कोणी केले, काय झाले, पुढे काय, केव्हापर्यंत. या चार ओळींना दहा मिनिटे लागतात, आणि त्यामुळे पक्षकार कचेरीच्या चौकटीत उभा न राहता समोरच्या खुर्चीवर येऊन बसतो. तो उलट प्रश्न विचारतो, कधी आमच्या मसुद्यातील गट क्रमांकाची चूक दाखवतो. जमीन त्याची आहे. गट क्रमांक त्याला आमच्यापेक्षा अधिक पाठ असतो.

सर्वच ठिकाणी ‘आपण’ म्हणत सुटावे, असे आमचे म्हणणे नाही. खोटा ‘आपण’ हा उघड ‘आम्ही’पेक्षा वाईट. वेतन वेळेवर न देणारे चालक जेव्हा ‘आपण सारे एक कुटुंब’ म्हणतात, तेव्हा कामगार मान खाली घालून हसतात, आणि त्यांचे हसणे बरोबर असते. ज्या निर्णयात दुसऱ्याला वाटा द्यायचा नाही, तेथे सरळ ‘आम्ही ठरवले आहे, जबाबदारी आमची’ म्हणावे. त्यात कर्ता आहे, म्हणून जाब विचारता येतो. ‘आपण’ म्हणावे ते तेथे, जेथे ऐकणाऱ्याच्या ‘नाही’ने निर्णय बदलू शकतो.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आम्हा मराठीभाषकांना दुसऱ्यांच्या ‘आम्ही’बाहेर उभे राहण्याची सवय आहे. तो अनुभव काय असतो हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच आपण चालवतो त्या शाळा, वाचनालये, पतपेढ्या आणि मंडळे यांच्याकडे एकदा या नजरेने पाहावे. उद्या तेथे गेलात, की फलकावरची शेवटची सूचना वाचा. तिच्यात कर्ता आहे काय? मागील सभेचे इतिवृत्त काढा. त्यात एखाद्याचा विरोध नावानिशी नोंदलेला आहे काय? आणि झाडलोट करणाऱ्या बाईंना विचारा, की या इमारतीत काय मोडले आहे, आणि ते त्यांनी कोणाला सांगितले. त्या बाई कन्नड, तेलुगू किंवा गुजराती बोलत असतील, तर त्या भाषेत विचारा.